आठ घोड्यांवरची खोली

माझ्या मामाच्या अंगाला घोड्याचा वास यायचा. हा टोमणा नाही, ओळख सांगतोय. तो खालच्या जिन्यात शिरला की वर मामी चहासाठी विजेची किटली लावायची, आणि ते पावलं ऐकून नव्हे, वासावरून. "आलं तुमच्या मामाचं घोडं," असं आम्हाला म्हणायची आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायची. खोकला तिला एरवीही होताच, पण हसताना आला की तो कोणी मनावर घेत नसे. ती हसरी होती, हेच आम्हाला महागात पडलं.

मामा नगरपालिकेच्या पागेत मोतद्दार होता. घोड्यांचं दाणापाणी, खरारा, लीद काढणं, नालबंदाला वेळेवर बोलावणं, सगळं त्याच्याकडे. घोडे आठ. नगरपालिकेची एक मानाची बग्गी होती. वर्षातून मोजक्या वेळा नगराध्यक्ष तीत बसून रस्त्यावरच्या लोकांना हात हलवून दाखवत आणि लोक घोड्यांना हात हलवून दाखवत. उरलेलं वर्षभर घोडे आणि मामा एकमेकांची तोंडं बघत. पागेतले बाकीचे लोक मामाला 'शेगडी' म्हणत, कारण तो सदानकदा कोणाला ना कोणाला थंडी वाजत असेल या काळजीत असायचा. घोड्यावर झूल घालायचा, वर त्याला विचारायचा, "बरं वाटतंय ना?" घोडा सभ्य असल्यामुळे काही बोलत नसे.

पागा मात्र साधीसुधी नव्हती. दगडी, कमानींची, आणि इतकी जुनी की तिच्या भिंतीत खिळा ठोकायचा तर जुन्या इमारतींच्या खात्यातून माणूस यायचा, खिळा बघायचा, भिंत बघायचा आणि नको म्हणून जायचा.

"या भिंतीला जपतात तेवढं मला कोणी जपलं असतं," मामा म्हणायचा, "तर मी आज बग्गीत बसलो असतो."

"भिंत उलट बोलत नाही," मामी म्हणायची. "म्हणून जपतात."

पागेच्या डोक्यावर लाकडी फळ्यांची जमीन असलेली एक लांबट खोली होती. मोतद्दारानं तिथंच राहायचं, असा पहिल्यापासूनचा रिवाज. मामाच्या आधी तिथं मामीचे वडील राहत, तेच तेव्हाचे मोतद्दार. मामी त्याच खोलीत जन्मली, त्याच खोलीत न्हातीधुती झाली, तिथंच तिचं लग्न ठरलं. मामा लग्न करून तिच्या घरी आला, सासऱ्याच्या हाताखाली लागला. माझी आई, म्हणजे मामाची बहीण, त्याला अजूनही चिडवते: "लोक घरजावई होतात, आमचा दादा पागाजावई."

आता त्या खोलीच्या उबेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं.

खाली वाळलं गवत, वर फळ्या, त्यामुळे खोलीत चूल नाही, शेगडी नाही, विजेचा हीटरही नाही. फक्त ती किटली. स्वयंपाक अंगणापलीकडच्या फरशीच्या खोलीत. आणि थंडी तर आमच्याकडे अशी की दोरीवरचा टॉवेल सकाळी पापडासारखा मोडावा. तरी ती खोली ऊबदार असायची, कारण तिला खालून आठ घोड्यांची ऊब मिळायची. घोडा म्हणजे चार पायांची शेगडी. त्याच्या अंगाची वाफ, श्वासाची वाफ, सगळं वर चढतं. ते बाहेर जावं म्हणून जुन्या बांधणाऱ्यांनी पागेच्या छतापासून थेट कौलांपर्यंत एक चौकोनी लाकडी धुराडं नेलं होतं. धुराचं नव्हे, हवेचं. भिंतींच्या खालच्या अंगाला भोकं, त्यातून ताजी हवा आत यायची; घोड्यांना लागून गरम झाली की धुराड्यातून वर निघून जायची. हे धुराडं मामीच्या खोलीच्या मधोमध खांबासारखं उभं होतं. त्याला पाठ लावून बसलं की पाठ शेकायची. आणि त्याला कमरेच्या उंचीवर एक छोटी झडप होती. ती उघडली की ऊब थेट खोलीत.

सासऱ्यांची शिस्त अशी, की झडप संध्याकाळी थोडा वेळ उघडायची, अंग शेकून घ्यायचं आणि निजायच्या आधी घट्ट लावायची. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या काळी सासरे कारणं देत नसत.

सासरे गेल्यावर मामीचा खोकला वाढायला लागला. मामाला त्याचं कारण एकच दिसलं, थंडी. त्याला सगळ्याच गोष्टींचं तेच कारण दिसायचं. मग झडप रात्रभर उघडी राहू लागली. दर हिवाळ्यात मामी थोडी बारीक व्हायची, दर उन्हाळ्यात थोडी सावरायची. मामा म्हणायचा, "बघ, ऊन आलं की बरी होते. म्हणजे थंडीच." हे इतकं सरळ होतं की आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याला बाकी काही नको होतं. बढती नको, शहरातलं घर नको. मामीचा एकेक हिवाळा धड पार पडावा, एवढंच. शरद सरला की तो देणेकऱ्यानं सावकाराची बघावी तशी थंडीची वाट बघत बसायचा.

मी तोवर आमच्या गावच्या तंत्रशाळेतून पास होऊन याच शहरात पत्र्याचे हवेचे नळ बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागलो होतो. मोठ्या इमारतींतून गरम हवा, गार हवा इकडून तिकडे न्यायची, हा आमचा धंदा. सुट्टीच्या दिवशी मी मामाकडे जेवायला जायचो. मामी म्हणायची, "आला हवेचा हमाल."

त्या हिवाळ्यात खाली घोडेही खोकायला लागले.

आधी एक, मग तीन. सगळ्यात म्हातारी करडी घोडी, तिला सगळे आजीबाई म्हणत, ती तर खोकताना मान इतकी खाली घालायची की वाटे पायातलं काही शोधतेय. मामानं झुली दुप्पट केल्या. भिंतीतल्या भोकांना गोणपाटाचे पडदे लावले. घोडे जास्तच खोकू लागले. नगरपालिकेच्या साहेबांच्या कानावर गेलं आणि ठराव झाला: पागेला हीटर बसवा. मोजमापाला आमच्या ठेकेदाराला बोलावलं आणि ठेकेदारानं, मामाच्या नात्यातला म्हणून, मला पाठवलं.

मी टेप घेऊन पागेत शिरलो आणि डोळ्यांत पाणी आलं. भावनेनं नव्हे. हवा झोंबत होती. छताच्या तुळयांवरून पाण्याचे थेंब ओळीनं लोंबत होते, आंघोळीच्या खोलीत असतात तसे. सवयीच्या माणसाला हे जाणवत नाही. मामा त्यातच उभा राहून मला म्हणाला, "बघ, किती छान ऊब धरलीय. अजून जराशी हवी."

घोड्यांच्या डॉक्टरीणबाई आधीच आलेल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक केसांच्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. त्या आजीबाईच्या छातीला कान लावून बसल्या होत्या. उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू हीटरवाला? टेप ठेव खिशात. यांना थंडी वाजत नाहीय. घोड्याला थंडी सोसते. त्याला सोसत नाही ती कोंडलेली हवा."

"बाई, अहो बाहेर बर्फ पडायचं बाकी आहे," मामा म्हणाला.

"मग पडू दे. तो बाहेर पडेल." त्यांनी पिशवीतून एक रबरी फुगा काढला, त्याला काचेची नळी. दाबलं की नळीतून पांढरा धूर. धुराड्याच्या तोंडाखाली उभं राहून त्यांनी तो सोडला. धूर वर गेला, तोंडाशी घुटमळला, आणि तिथूनच चादरीसारखा पसरून खाली आमच्या डोक्यांवर उतरला.

"हे ओढत नाहीय," त्या म्हणाल्या. "वर काहीतरी अडकलंय. पक्ष्याचं घरटं वगैरे."

"घरटंच असेल," मामा घाईनं म्हणाला. "मी बघतो सवडीनं."

"सवडीनं कशाला? हा काडीपैलवान आहे ना. याला चढव."

"नको नको. शिडी जुनी आहे. मीच चढतो."

"तुझं वय काय, मामा?" मी म्हणालो आणि शिडी ओढली. मी त्याच्याकडे नीट बघितलं असतं तर कदाचित टेप विसरलो म्हणून निघून गेलो असतो. पण माणूस नवीन धंद्यात असला की त्याला प्रत्येक भोकात डोकं घालायची हौस असते.

शिडी वरच्या खोलीतून लावावी लागली. झडपेच्या वर, कौलांच्या खाली, धुराड्याला एक फळी होती, सफाईसाठी. मामी पलंगावर उशांना टेकून बसली होती. म्हणाली, "काय रे, आता भिंतीतूनही ये-जा करणार?" मी फळी काढली आणि हात आत घातला. गवत भरलेली पोती. एक, दोन, आणखी. ती ओली होती, काळी पडलेली, आणि त्यांचा वास मी अजून विसरलेलो नाही. सगळ्यात खाली काहीतरी मऊ होतं. ओढलं तर एक रजई.

ती मी ओळखली. तांबड्या काठाची, मामीच्या आईनं लेकीच्या लग्नात शिवलेली. लहानपणी सुट्टीत आलो की आम्ही भावंडं तिच्यात गुंडाळून पडायचो. गेल्या हिवाळ्यापासून ती दिसली नव्हती. मामा म्हणाला होता, उंदरांनी खाल्ली.

मी शिडीवर उभा, हातात रजई. खाली मामी बघतेय. जिन्यातून मामा आणि मागोमाग बाई वर आलेल्या.

"उंदीर भलताच उंच चढला की हो," मामी म्हणाली.

मामा एकदम बोलला, बाईंकडे बघून, साहेबापुढे बोलावं तसा: "झडप उघडली तरी ऊब सगळी वरच निघून जायची. हिच्यापर्यंत येतच नव्हती. म्हणून वरून बंद केलं. फक्त थंडीपुरतं. घोड्यांना पण ऊबच मिळेल, असं वाटलं मला. सगळ्यांनाच बरं पडेल."

बाई झडपेपाशी गेल्या. वाकून एक श्वास घेतला आणि तोंडावर रुमाल धरला. मग पलंगाशी आल्या. "जरा खोका बघू," मामीला म्हणाल्या.

"त्याला काय सांगावं लागतं का," मामी म्हणाली आणि खोकली.

बाईंनी जिन्याकडे, खाली पागेच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर नाही. पण हाच खोकला मी आत्ता खाली ऐकून आलेय."

"म्हणजे मी घोडी झाले म्हणायची."

"तुम्ही त्यांचीच हवा घेताय. लघवीची, बुरशीची, गवताच्या धुळीची. ती या झडपेतून सरळ तुमच्या उशाशी येते. ही उघडी ठेवून निजायचं नसतं."

"वडील लावायचे झोपताना," मामी म्हणाली. बास, एवढंच. मामाकडे बघितलंसुद्धा नाही. मामा मात्र खाली बसला, फळ्यांवरच, आणि रजईचा काठ हातात घेऊन त्याच्यावरची बुरशी नखानं खरवडत राहिला, जणू तेवढी निघाली की झालं.

बाईंनी वर साहेबांना काही सांगितलं नाही. घरटं होतं, काढलं, म्हणाल्या. त्यांचा चांगुलपणा, उपयोग काही झाला नाही.

धुराडं मोकळं झालं आणि आठवड्याभरात तुळया कोरड्या झाल्या. घोडे सावरले. आजीबाई सोडून. मामानं झडपेला खिळे ठोकले, खात्याला न विचारता. खोली अशी गार पडली की किटलीची वाफही भिंतीपर्यंत पोचेना. मामीला छातीच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. म्हणाले, "फुप्फुसं जन्मभराच्या धुळीनं आखडलीत. आता सैल होणार नाहीत. कोरड्या, मोकळ्या हवेत ठेवा आणि थंडीही लागू देऊ नका."

"दोन्ही एकदम?" मामानं विचारलं.

"हो."

"कसं?"

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

माझ्या आईनं मामीला आमच्याकडे न्यायचं ठरवलं. मामी बॅग न भरता बसून राहिली. "तुमच्याकडे खाली कोण राहतं?" तिनं विचारलं.

"शिंपी आहे एक," आई म्हणाली.

"एकटाच?"

"हो."

"मग तो किती ऊब देणार," मामी म्हणाली, आणि विषय संपला. मामानं पुष्कळ विनवलं. ती म्हणाली, "अहो, मला झोप येते ती खालून पाय आपटल्याचा आवाज आला की. तुमच्या बहिणीकडे काय शिंप्याला पाय आपटायला सांगू?" आणि मोतद्दाराला पागा सोडून कुठे राहता येत नव्हतं. म्हणजे जायचं तर तिनं एकटीनं. ते तिला नको होतं. त्यालाही नको होतं, पण ते तो बोलत नव्हता.

मग मामानं एक पद्धत काढली. खिडकी बोटभर उघडी ठेवायची, म्हणजे हवा येईल. आणि खिडकी आणि पलंगाच्या मध्ये स्वतः बसायचं, पाठ खिडकीकडे करून, म्हणजे वारा मामीला लागणार नाही. मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तो तसाच बसलेला असायचा. खांद्यावर घोड्याची झूल. समोर मामी.

"बघ रे, तुझ्या मामाची नवी नोकरी," ती म्हणायची. "पडदा."

"पडदा गप्प असतो," मामा म्हणायचा.

"मग असा की गप्प."

तो गप्प बसला की ती दोन मिनिटांत म्हणायची, "मेलात की काय?"

आजीबाई आधी गेली. मामी थंडी सरता सरता गेली, एका दुपारी. खिडकी बोटभर उघडी होती आणि मामा जागेवरच होता. आई धावत आली तेव्हा तो तसाच पाठमोरा बसलेला. आईनं खिडकी लावायला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे. तिला हवा लागते."

त्यानंतर नगरपालिकेला अक्कल आली, म्हणजे नेहमीच्याच वेळेला. घोडे गावाबाहेर नव्या शेडमध्ये गेले. चारी बाजूंनी मोकळी, वर उंच छत, हवा खेळती. घोडे तिथं टुणटुणीत आहेत. मामाला काही कोणी तिकडे नेलं नाही. तिथं तरुण माणसं घेतली. जुन्या पागेत बग्गी मांडून लोकांना बघायला ठेवायची ठरली. आणि बग्गीच्या कातड्याला आणि रंगाला थंडी, दमटपणा सोसत नाही, म्हणून पागेला हीटर मंजूर झाले. खात्यानं लगेच परवानगी दिली. नळ मी बसवले. त्याच धुराड्यातून नेले, कारण भिंतीला नवीन भोक पाडायचं नव्हतं. आता तिथं बाराही महिने सारखी ऊब असते. कोरडी, गाळलेली, कसलाही वास नसलेली. मामीला हवी होती तंतोतंत तशी. मामाला तिथंच रखवालदार म्हणून ठेवलं, खोलीही राहू दिली. सगळे म्हणाले, नशीब काढलं.

शेवटचा जोड बसवायला मी वर गेलो तेव्हा मामानं झडपेचे खिळे उपटून काढलेले होते. झडप सताड उघडी, खालची ऊब खोलीभर. तरीही तो पलंगावर रजई पांघरून बसला होता. ती तांबड्या काठाची. काळे डाग तसेच होते. आईनं ती धुवायला दोनदा मागितली होती, त्यानं दिली नव्हती.

मी जोड आवळत होतो. मागून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, मान खाली नेणारा. मी वळलो नाही. मला तो खोकला ओळखायला आता डॉक्टरीणबाई लागत नाहीत.

"मामा, त्या रजईत बुरशी आहे."

"माहीत आहे."

"ती छातीत जाते."

"माहीत आहे रे बाबा. शिकवतोस कोणाला."

"मग टाकून दे ना. आता तर ऊब आहे इथं. मी बसवलीय स्वतः."

"चांगली बसवलीस," तो म्हणाला. "पण तुझ्या उबेला वास नाही." मग जरा थांबून: "ही घेतली की खाली कोणीतरी असल्यासारखं वाटतं."

मी पाने-पकडी पिशवीत भरल्या. जाताना खिडकी बोटभर उघडली.

"लाव ती," मामा म्हणाला.

"राहू दे थोडी. हवा येऊ दे."

त्यानं रजई खांद्यावर ओढली. मी जिना उतरलो, बग्गीला वळसा घातला. खाली अगदी शांत होतं, कुठे पाय आपटल्याचा आवाज नाही. दाराशी पोचलो तेव्हा वर खिडकीची कडी लागली.